घर आणि बाहेर : बर्फाळलेली वाट

पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं पडलें. त्यांचे चिरंजीव अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत डॅलस शहराजवळ राहतात आणि सूनबाई तेथील एका रुग्णालयांत कामास आहेत. आठवड्यांतून चार दिवस पहाटे साडेपांचास त्या एकट्या मोटार घेऊन निघतात. भगिनी लिहितात : "मागच्या हिंवाळ्यांत मुलानें फोनवर सांगितलें, 'आई, उद्यां इकडे ३२ अंश आहे.' मी म्हटलें, 'मग बरें झालें, आपल्या पुण्यासारखेंच.' तो हसला आणि म्हणाला, 'अग, हे फॅरनहाइटचे अंश. ३२ म्हणजे पाणी गोठतें तो अंश.' तेव्हांपासून थंडी सुरू झाली कीं माझा डोळा लागत नाहीं. मी 'सांभाळून चालवा' म्हणतें, तीं दोघें 'हो' म्हणतात. ह्यापलीकडे बोलणें जात नाहीं. तो तर उन्हाचा मुलूख. तेथें बर्फ क्वचितच पडतो. मग एवढी काळजी करण्याचें कारण आहे काय? आणि असेल, तर आम्ही इकडून काय सांगावें?"

हा प्रश्न एकाच घरचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कितीएकांचीं मुलें, मुली, भाचे, पुतणे आज टेक्सासांत, जॉर्जियांत, कॅरोलिनांत संसार मांडून बसलीं आहेत. म्हणून ह्या महिन्याचें हें सदर आम्ही त्या पत्राच्या उत्तरासाठींच राखून ठेवीत आहों.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर प्रथम देतों. काळजीचें कारण आहे. आणि तेथें बर्फ क्वचित् पडतो, हेंच तें कारण आहे.

नकाशा पुढें घेऊन पाहिलें तर एक मौज दिसते. अटलांटा शहर आणि आपलें श्रीनगर हीं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. डॅलस आणि जम्मू ह्यांचीही तीच गोष्ट. आपल्या देशाच्या उत्तरेस हिमालय पूर्वपश्चिम आडवा उभा आहे. तिकडची बोचरी हवा तो पलीकडेच थोपवून धरतो. अमेरिकेच्या मध्यभागीं असा आडवा पर्वत नाहीं. तेथील मोठ्या पर्वतांच्या रांगा उत्तरदक्षिण पसरलेल्या आहेत. त्यामुळें ध्रुवाकडची थंड हवा कॅनडाच्या सपाट मैदानांवरून निघाली कीं तिला टेक्सासपर्यंत अडविणारें कांहीं नसतें. आदल्या दिवशीं माणसें अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यानें हिंडत असावीं आणि दुसऱ्या पहाटे घराच्या पायरीवर कांचेसारखा थर चढावा, असें तेथें खरोखरच घडतें.

शिवाय दक्षिणेकडे पुष्कळदां भुरभुरता पांढरा बर्फ न पडतां निराळाच प्रकार होतो. थंड हवा जड असल्यामुळें ती जमिनीलगत पातळ थरानें पसरते. तिच्यावर समुद्राकडून आलेली उबदार, दमट हवा तरंगत असते. वरच्या उबदार थरांत पाऊस पाण्याच्याच रूपानें पडूं लागतो. खालच्या थंड थरांतून येतांना त्याचे थेंब गोठण्याच्या अंशाखालीं जातात, परंतु गोठण्यास त्यांना अवसर मिळत नाहीं. ते रस्त्यास, झाडास, तारेस टेंकले कीं तत्क्षणीं त्यांचा बर्फ होतो. ह्याला गोठता पाऊस म्हणावें. पांढरा बर्फ निदान डोळ्यांस दिसतो आणि चाकाखालीं थोडासा चुरडतो. हा थर मात्र पारदर्शक असतो. त्याच्या आरपार खालचें काळें डांबर दिसतें, म्हणून तिकडे त्याला 'काळा बर्फ' असें नांव पडलें आहे. चालवणाऱ्यास वाटतें, रस्ता नुसता ओला आहे.

मिनेसोटासारख्या उत्तरेच्या प्रांतांत बर्फ दरसाल कित्येक महिने मुक्कामास असतो. तेथें माणसें सरावलेलीं असतात, गाड्यांस हिंवाळ्याचे वेगळे टायर चढवितात, मीठ आणि वाळू टाकणाऱ्या गाड्यांचे तांडे रात्रींच बाहेर पडतात. दक्षिणेकडच्या शहरांनीं वर्षांतून एकदोन दिवसांसाठीं इतका सरंजाम कोठून बाळगावा? आणि वीस वर्षें उन्हांत गाडी हांकणाऱ्या माणसाच्या हातापायांस बर्फाची संवय तरी कशी असावी? त्याच्या सगळ्या चांगल्या संवयी कोरड्या रस्त्यावर घडलेल्या असतात, आणि त्याच त्या दिवशीं त्याच्या वैरी होतात.

ह्याचीं दोन उदाहरणें अलीकडच्याच काळांतील आहेत.

२०१४ सालीं जानेवारीच्या २८ तारखेस अटलांटा शहरांत बर्फ पडला. किती म्हणाल, तर जेमतेम दोनअडीच इंच. उत्तरेकडच्या शहरांत इतक्या बर्फानें कोणी मान वर करून पाहिलें नसतें. हवामानखात्यानें पहाटेच इशारा दिला होता, तरी नित्याप्रमाणें शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारच्या सुमारास बर्फ पडूं लागलेला पाहतांच शाळांनीं मुलांस सोडलें, कचेऱ्यांनीं नोकरांस सोडलें, सरकारी खात्यांनींही आपल्या माणसांस सोडलें, आणि हें सर्व एकाच वेळीं झालें. लाखों माणसें एकदम रस्त्यावर आलीं. गर्दीच्या चाकांखालीं बर्फ दाबला गेला, वितळला आणि पुन्हां गोठून कांचेसारखा झाला. चढावरच्या गाड्या घसरून आडव्या झाल्या. त्यांच्यामागें बाकीच्या अडकल्या. आणि मीठ टाकणाऱ्या गाड्याही त्याच गर्दींत अडकून पडल्या. एरवीं अर्ध्या तासाच्या वाटेस लोकांस दहादहा तास लागले. कित्येकांनीं रात्र गाडींतच काढली, कित्येकांनीं दुकानांत आणि चर्चांत आसरा घेतला. दोन हजारांहून अधिक मुलें त्या रात्रीं शाळेंतच निजलीं. शहराभोंवतींच्या वर्तुळमार्गावर एका बाईची प्रसूति मोटारींतच झाली. घरापासून चार मैलांवर असूनही आपण आपल्या मुलापर्यंत पोंचूं शकत नाहीं, हा अनुभव त्या दिवशीं तेथील हजारों आईबापांनीं घेतला.

दुसरें उदाहरण आमच्या वाचकभगिनींच्या मुलाच्या गांवाजवळचेंच आहे, आणि तें लिहितांना हात आंखडतो. २०२१ सालीं फेब्रुवारीच्या ११ तारखेस पहाटे सहाच्या सुमारास, डॅलसशेजारच्या फोर्ट वर्थ शहरांत, ३५ डब्ल्यू क्रमांकाच्या महामार्गावर एकामागून एक १३३ वाहनें एकमेकांवर आदळलीं. सहा माणसें गेलीं, कितीएक जखमी झालीं. रस्त्याचा तो भाग जमिनीपासून उंचावलेला होता. रात्रीं गोठता पाऊस झाला होता. अंधार होता आणि गाड्या महामार्गाच्या वेगानें येत होत्या. पुढें काय झालें आहे हें दिसेपर्यंत थांबणें कोणाच्याही हातीं उरलें नव्हतें. त्या गाड्यांत रुग्णालयांत कामास निघालेलीं माणसेंही होतीं. तीं बेफिकीर नव्हतीं; वेळेवर पोंचण्यासाठीं पहाटे उठून निघालेलीं कर्तव्यदक्ष माणसें होतीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों. तिच्याकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

आतां बर्फावर गाडी थांबत कां नाहीं, तें पाहूं. गाडीला थांबवितें तें ब्रेक नव्हे, तर टायर आणि रस्ता ह्यांमधील घर्षण. ब्रेक केवळ चाकाला थांबवितो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारें १४ मीटरांत उभी राहते. ओलसर बर्फावर घर्षण त्याच्या सातव्या हिश्शाइतकें किंवा त्याहूनही कमी उरतें. तेथें त्याच मोटारीला शंभर मीटरांच्या जवळपास अंतर लागतें. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लांबलचक आळीचें एक टोंक ते दुसरें टोंक! परंतु ह्याच हिशेबांत एक दिलाशाची गोष्टही आहे. वेग निम्मा केला, तर थांबण्याचें अंतर निम्मे न होतां चौथाईवर येतें. ताशीं २५ च्या वेगानें तीच गाडी त्याच बर्फावर पंचवीस मीटरांच्या आंत थांबते. बर्फावर सावकाश जाण्याइतकी दुसरी कोणतीही युक्ति फलदायी नाहीं.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, कडाक्याच्या थंडींतला बर्फ टायराला थोडा तरी धरतो. गोठण्याच्या अंशाजवळचा, वर पाण्याचा पातळ पापुद्रा असलेला बर्फ सर्वांत अधिक निसरडा असतो. दक्षिणेंतील बर्फ बहुधा ह्याच जातीचा असतो. म्हणून 'आज फारशी थंडी नाहीं' हा दिलासा तेथें खोटा ठरतो.

हवेचा अंश गोठण्याच्या वर असला तरीही निश्चिंत राहूं नये. ह्याचा पुरावा आपल्या घरींच आहे. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत कडाक्याच्या पहाटे गवतावर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर दव गोठून पांढरें झालेलें दिसतें, त्या वेळीं हवेचा पारा पुष्कळदां शून्याच्या वरच असतो. निरभ्र रात्रीं गवत, पत्रा, जमिनीचा पृष्ठभाग हीं आपली ऊब आकाशाकडे टाकून हवेपेक्षांही अधिक थंड होतात. मोटारींतील तापमापक हवेचा अंश सांगतो, रस्त्याचा सांगत नाहीं. म्हणून तो ३७–३८ फॅरनहाइट, म्हणजे आपले तीन अंश, दाखवूं लागला कीं रस्ता कोठें ना कोठें गोठला असेल असें धरून चालावें.

कोठें गोठला असेल, ह्याचाही अंदाज बांधतां येतो. पुलाखालीं जमिनीची ऊब नसते, वरून आणि खालून दोन्हींकडून थंड वारा लागतो. म्हणून रस्ता कोरडा असतांनाही पूल आधीं गोठतो. तिकडे पुलांच्या तोंडाशीं तशा सूचनेच्या पाट्याच लावलेल्या असतात; उन्हाळ्याचे दहा महिने त्या वाचून वाचून माणसांच्या नजरेंतून उतरतात, इतकेंच. डॅलससारख्या शहरांत एकावर एक असे उंच उड्डाणपूल जागोजाग आहेत, तेव्हां ही गोष्ट तेथें विशेषच महत्त्वाची. ह्याशिवाय झाडांची व इमारतींची सांवली, उतारावरून पाणी झिरपतें ती जागा, आणि सूर्योदयाच्या आगेंमागें असलेली घटका, हीं सर्व संशयाचीं ठिकाणें समजावीं. पुढच्या गाड्यांच्या चाकांकडेही पाहावें. रस्ता ओला चमकत असूनही त्यांच्या चाकांमागें पाण्याचे तुषार उडत नसतील, तर तो ओलावा पाण्याचा नसून बर्फाचा आहे.

रस्त्यावर आगाऊ मिठाचें पाणी फवारण्याची रीत आतां दक्षिणेंतही पुष्कळ वाढली आहे. अटलांटाच्या त्या अनुभवानंतर जॉर्जियाच्या रस्तेखात्यानें ह्या कामाची बरीच तयारी केली. मिठानें पाण्याचा गोठण्याचा अंश खालीं जातो, हें बर्फांत मीठ घालून आइसक्रीमचें भांडें फिरविणाऱ्या गृहिणींस सांगावयास नको. परंतु आधीं पाऊस आणि मग थंडी असा क्रम लागला, तर तें मीठ धुवून जातें. म्हणून 'रस्त्यावर मीठ टाकलें आहे' हें ऐकून वेग वाढवूं नये.

आतां प्रत्यक्ष चालविण्याविषयीं. कोंकणांतील वाचकांस श्रावणांतली शेवाळलेली पाखाडी आठवत असेल. पाण्याची कळशी घेऊन तीवरून उतरणारी म्हातारी आजी कधीं घसरत नाहीं. घसरतो तो सुटींत आलेला नातू. आजी पाऊल सपाट टाकते, लहान टाकते, मध्येंच वळत नाहीं, मध्येंच थबकत नाहीं, आणि पुढच्या माणसाच्या टाचेला टाच लावून चालत नाहीं. बर्फावर मोटार चालविण्याचें सारें शास्त्र ह्यांत आलें.

वेग वाढविणें, कमी करणें आणि वळणें हीं तिन्हीं कामें हळुवार आणि एका वेळीं एकच करावीं. वळणावर ब्रेक दाबूं नये. वळणाआधीं सरळ रस्त्यावरच वेग उतरवावा. पुलावर चढण्यापूर्वींच सावकाश व्हावें आणि पूल ओलांडेपर्यंत सुकाणूचक्र स्थिर धरावें. एरवीं पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचें अंतर ठेवतात. बर्फावर तें आठदहा सेकंदांचें असावें. वेग आपोआप एकसारखा राखणारी जी कळ नव्या गाड्यांत असते, ती बंद ठेवावी. उतारावर खालच्या गिअरमध्यें गाडी ठेवून एंजिनाच्याच जोरानें ती आंवरावी.

ब्रेकविषयीं जुना उपदेश असा कीं, तो दाबावा-सोडावा, दाबावा-सोडावा. आजच्या बहुतेक मोटारींत चाक पुरतें अडकूं न देणारी यंत्रणा असते आणि तें काम ती स्वतःच करते. अशा गाडींत थांबणें भागच पडलें तर ब्रेक दृढपणें दाबून धरावा. पायाखालीं कंप जाणवतो, खरखर ऐकूं येते; त्यास घाबरून पाय काढूं नये. चारही चाकांस जोर पोंचविणारी मोठी गाडी आहे म्हणून निश्चिंत असणारे पुष्कळ आहेत. ती गाडी निघतांना उपयोगी पडते, चढावर उपयोगी पडते; थांबतांना तिला आणि लहान गाडीला बर्फ एकच न्याय लावतो, आणि तिचें वजन तिला वांचवीत नाहीं.

गाडी घसरूं लागली, तर दोन्ही पाय उचलून घ्यावे. वेगाच्या पट्टीवर नको आणि ब्रेकवरही नको. मागची बाजू घसरत असेल, तर जिकडे जावयाचें तिकडे नजर लावून चक्र त्या बाजूस हळूच फिरवावें. पुढचीं चाकें वळेनाशीं झालीं, तर तीं अधिक वळवूं नयेत. थोडीं सरळ करावीं म्हणजे त्यांस पुन्हां पकड मिळते. घसरणाऱ्या माणसाची नजर ज्या खांबाची भीति वाटते त्या खांबावर खिळते आणि हातही मग तिकडेच ओढले जातात. म्हणून नजर मोकळ्या वाटेवर ठेवण्याची संवय मनाशीं आधींच करून ठेवावी.

वाटेंत अडकून पडण्याचीही तयारी असावी. हिंवाळ्यांत पेट्रोलची टांकी अर्ध्याखालीं जाऊं देऊं नये. गाडींत एखादें जाड कांबळें, हातमोजे, पाणी, विजेरी, फोनला वीज पुरविण्याची सोय आणि डब्यांत चार लाडू व मूठभर चिवडा असावा. अडकल्यावर ऊब मिळविण्यासाठीं एंजिन चालू ठेवावें लागलें, तर धूर सोडणाऱ्या नळीपुढें बर्फ सांचला नाहीं ना हें आधीं पाहावें, एक कांच थोडी उघडी ठेवावी, आणि एंजिन सारखें चालू न ठेवतां मधूनमधूनच चालवावें. २०२१ च्या त्याच फेब्रुवारींत टेक्सासांत लाखों घरांची वीज गेली, तेव्हां कांहीं जणांनीं ऊब मिळावी म्हणून बंदिस्त मोटारखान्यांत गाडी चालू ठेवली आणि विषारी वायूनें ते प्राणांस मुकले. त्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. हें घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. भरधाव रस्त्यावर गाडी आदळून थांबली, तर नुकसान पाहण्यास बाहेर उतरूं नये; मागून दुसरी घसरत येत असते. धोक्याचे दिवे लावावे, पट्टा बांधलेला ठेवावा आणि मदतीस फोन करावा. कठड्यापलीकडे सुरक्षित जागीं निश्चित पोंचतां येत असेल, तरच गाडी सोडावी.

हिंवाळ्यांत मुलांकडे राहण्यास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसही एक सूचना. गाडीच्या पुढच्या कांचेवरील बर्फ काढण्यास कढत पाणी ओतूं नका. कांच तडकते आणि खालीं सांडलेलें पाणी पुन्हां गोठतें. दारांतील पायरीवर वाळू किंवा मीठ टाकावें. सकाळच्या फेरीचा नेम त्या एक दोन दिवसांपुरता मोडावा. मोटार घसरली तर पत्रा वांकतो. सत्तराव्या वर्षीं पाय घसरला तर मांडीचें हाड मोडतें.

इतकें सगळें सांगून झाल्यावर आम्ही जें म्हणणार आहों, तें वाचकांस कदाचित् विसंगत वाटेल. ह्या सर्व कौशल्यांहून न निघण्याचें कौशल्य श्रेष्ठ आहे. बर्फाची आयुर्मर्यादा त्या मुलुखांत थोडी असते. पुष्कळदां सूर्य वर आला कीं दुपारपर्यंत रस्ता मोकळा होतो, फार तर एक दोन दिवस जातात. तेवढें थांबणें हीच तेथील खरी विद्या आहे. मग माणसें थांबत कां नाहींत?

येथें फोर्ट वर्थच्या पहाटेकडे परत येऊं. आपल्या घरांत मुलांस लहानपणापासून एक गोष्ट शिकविली जाते : कामांत खाडा नको. 'आमच्या मुलाचा दहा वर्षांत एक दिवस खाडा नाहीं', हें आपण पाहुण्यांपुढें कौतुकानें सांगतों. परदेशांत ही संवय अधिकच घट्ट होते. परक्या देशांत आपल्याविषयीं कोणी उणा शब्द काढूं नये, असें प्रत्येकास वाटतें. म्हणून बर्फाळ पहाटे दाराशीं उभ्या असलेल्या सुनेच्या मनांत बर्फाहून खाड्याची भीति मोठी असते. त्या वेळीं 'सांभाळून चालव' असें सांगणें म्हणजे 'जा' असेंच सांगणें होय. तें आशीर्वाद देतें, पण मोकळीक देत नाहीं.

आमच्या भगिनी विचारतील, रुग्णालयांतील काम कसें टळावें? रोगी तर बर्फ वितळेपर्यंत थांबत नाहीं. हें खरें आहे. ह्याचें उत्तर आपल्याच एका जुन्या रीतींत सांपडतें. आमचे आजे-पणजे प्रवासास निघतांना दिवस पाहत. निघण्याच्या दिवशीं मुहूर्त नसला, तर ते आधींच्या चांगल्या दिवशीं एखादें वस्त्र, नारळ, सुपारी शेजारच्या घरीं नेऊन ठेवीत. ह्यालाच प्रस्थान ठेवणें म्हणत. त्यांतील ज्योतिषाविषयीं ज्याचें त्यानें मत बाळगावें. परंतु अवघड दिवशीं निघण्यापेक्षां आदल्या दिवशीं उंबरठा ओलांडावा, हा त्यांतला व्यवहार ह्या प्रसंगास तंतोतंत लागू पडतो. तिकडचीं कित्येक रुग्णालयें वादळाची वर्दी मिळतांच कांहीं सेवकांस आदल्या संध्याकाळींच बोलावून घेतात आणि त्यांच्या निजण्याची सोय करतात. रस्ता कोरडा असतांना जावें, तेथें रात्र काढावी, आणि काम संपल्यावर रस्ता मोकळा होईपर्यंत परतूं नये. ह्यांत रोग्याचीही सेवा घडते आणि घरचींही निश्चिंत राहतात. आज पंचांगाच्या जागीं हवामानखात्याचें पत्रक ठेवावें, इतकाच काय तो फरक.

म्हणून आमच्या वाचकभगिनींस आमचें सांगणें असें आहे. मार्गशीर्ष-पौषांत फोन कराल, तेव्हां 'जेवलीस का' ह्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. उद्यां पहाटे पाणी गोठण्याचा संभव आहे काय? तुझ्या वाटेवर पूल किती, आणि ते टाळून जाणारी दुसरी वाट आहे काय? रुग्णालयांत आदल्या रात्रीं मुक्कामाची सोय होते काय? शिवाय मुलाला सांगा, कीं बर्फ पडूं लागल्यावर सर्वांबरोबर घाईघाईनें निघूं नये. दुपारच्या आंत घरीं यावें, किंवा जेथें असेल तेथेंच रात्र काढावी. अटलांटांत ज्या मुलांनीं शाळेंत रात्र काढली, तीं सर्व उबेंत होतीं. हाल झाले ते वाटेवरच्यांचे.

आणि सर्वांत शेवटीं, पण सर्वांत आधीं, सूनबाईंस स्पष्ट शब्दांत सांगा : "एक दिवस नाहीं गेलीस, तर आम्ही तुला कामचुकार म्हणणार नाहीं." आपल्याकडील सुनांना हें वाक्य सासूच्या तोंडून क्वचितच ऐकावयास मिळतें. मुलगा सांगेल तर ती ऐकून सोडून देईल. तुम्ही सांगाल तर तें तिच्या ध्यानांत राहील. एखाद्या अंधाऱ्या पहाटे, हातांत गाडीची किल्ली घेऊन ती दाराशीं घुटमळत उभी असेल, तेव्हां तेंच शब्द तिला घरांत परत वळवितील.

ह्या विषयावर तिकडील वाचकांनीं आपले अनुभव कळविल्यास आम्ही ते पुढील अंकीं आनंदानें छापूं.